वहीला एक वाचक शोधा

परीक्षा महिन्यावर आली की नगरच्या कुठल्याही कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात एकच वही दहा हातांतून फिरताना दिसते. वर्गातल्या कुणा हुशार मुलीची ती असते. अक्षर वळणदार, मथळ्यांखाली लाल शाईच्या रेघा. पानं पटापट यंत्राखाली जातात, स्टेपलर बसतो आणि सगळा वर्ग तोच अभ्यास घेऊन घरी जातो. त्या वहीत चूक काही नसते. पण जिने ती लिहिली तिनेही कुणाला काही सांगायचं म्हणून लिहिलेली नसते. सरांनी सांगितलं, तिने उतरवलं. बारावीनंतरची तीन-चार वर्षं मुलांचं लेखन असंच चालतं: नोट्स, जर्नल, सबमिशन, उत्तरपत्रिका. हे सगळं वाचणारा माणूस एकच, तपासनीस, आणि त्याला वाचण्याचे पैसे मिळतात. ज्याला खरोखर जाणून घ्यायचंय अशा कुणीतरी आपलं एक पान वाचलं, हा अनुभव न घेताच पदवी हातात पडते.

यावर एक साधा उपाय आहे. आठवड्याला एक पान लिहायचं, आपल्याच अभ्यासातल्या एखाद्या मुद्द्यावर, आणि ते पान दुसऱ्या दिवशी कोण वाचणार हे लिहिण्याआधी ठरवायचं. वही चालेल, वसतिगृहाच्या भिंतीवर डकवलेला कागद चालेल, मोबाइलवरून चौघांना पाठवलेला फोटोही चालेल. साधनाला महत्त्व नाही. वाचक मात्र हवाच. या खटाटोपातून विद्यार्थी जे शिकतो त्यातलं निम्म्याहून अधिक तो वाचकामुळे शिकतो.

का, ते एका उदाहरणाने सांगतो. नोट्समध्ये बाण काढून भागतं. ‘आवक वाढली’, पुढे बाण, ‘भाव पडले’. अर्थशास्त्राच्या पेपरात एवढ्यावर गुण मिळतात. आता हेच पान कांदा पिकवणाऱ्या मामाला वाचायला द्यायचंय असं समजा. बाण चालणार नाही; त्या जागी दोन-तीन वाक्यं लिहावी लागतील. ती लिहून मामाच्या हाती पान दिलं की मामा विचारणार, ‘डिसेंबर 2023 मध्ये सरकारने निर्यात बंद केली आणि भाव कोसळले, ते काय आवकेमुळे? आणि मे 2024 मध्ये बंदी उठली तेव्हा काय आवक कमी झाली होती?’ आता पुस्तक पुन्हा उघडावं लागतं. तिथे मागणी-पुरवठ्याच्या नियमाआधी एक ओळ छापलेली असते, ‘इतर परिस्थिती कायम राहिल्यास’. ही ओळ प्रत्येक विद्यार्थ्याने पाठ केलेली असते आणि बहुतेकांनी कधी विचारात घेतलेली नसते. घोडेगावच्या नाहीतर नगरच्या मार्केटात इतर परिस्थिती एक दिवसही कायम नसते. मामाच्या एका प्रश्नाने त्या ओळीचा अर्थ जितका कळतो, तितका दोन तासिकांत कळत नाही. पुढच्या पानाचा विषयही आयता मिळतो: निर्यातबंदी म्हणजे मागणीचाच एक भाग रातोरात कापून टाकणं, आणि त्याचा परिणाम शेतकऱ्यावर, व्यापाऱ्यावर आणि मुंबईच्या गिऱ्हाइकावर वेगवेगळा कसा होतो.

वाचक समोर ठेवून अभ्यास लिहिण्याचं आपल्या जिल्ह्यातलं सगळ्यात मोठं उदाहरण शहरातच आहे, भुईकोट किल्ल्यात. 9 ऑगस्ट 1942 ला काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना मुंबईत पकडून या किल्ल्यात आणलं. नेहरू आणि त्यांचे अकरा सोबती. त्यात वल्लभभाई पटेल होते, मौलाना आझाद होते, आचार्य नरेंद्र देव, गोविंद वल्लभ पंत, असफ अली, आचार्य कृपलानी, आणि आपले शंकरराव देवही होते. नेहरूंनी ‘द डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथेच लिहिलं, एप्रिल ते सप्टेंबर 1944 या पाच महिन्यांत. शाळेत आपण एवढंच शिकतो आणि पुढे जातो. विद्यार्थ्याच्या कामाची गोष्ट मात्र प्रस्तावनेत आहे. तिथे नेहरूंनी आझाद, पंत, नरेंद्र देव आणि असफ अली या चौघांची नावं घेऊन सांगितलंय की यांच्याशी झालेल्या बोलण्यांचा, चर्चांचा आपल्याला उपयोग झाला. एक फारसी-अरबीचा पंडित, एक बौद्ध तत्त्वज्ञानाचा अभ्यासक, दोन वकील. नेहरूंचा विषय होता हिंदुस्थानचा सगळा इतिहास. त्या विषयाच्या एकेका कोपऱ्यात त्यांच्यापेक्षा जास्त जाणणारा माणूस शेजारच्याच खोलीत होता, आणि कुणालाच बाहेर जायची मुभा नव्हती. असे वाचक मागूनही मिळायचे नाहीत.

आझादांनी दुसरी वाट धरली. ते त्याच किल्ल्यात पत्रं लिहीत होते, आपले स्नेही हबीबुर रहमान खान शेरवानी यांच्या नावाने. पत्रं पाठवायची सोय नव्हती हे त्यांना ठाऊक होतं. तरीही पहाटे उठून, स्वतः चहा करून, ते लिहीत राहिले: चहाबद्दल, संगीताबद्दल, खोलीत घरटं करणाऱ्या चिमण्यांबद्दल, श्रद्धा आणि संशयाबद्दल. 1946 मध्ये ती पत्रं ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने पुस्तकरूपात आली. उर्दू गद्यात ते पुस्तक फार वरच्या जागी आहे. वाचक प्रत्यक्ष समोर नसला तरी तो कोण आहे, त्याला काय आवडतं, कुठे तो भुवई उंचावेल, हे लिहिणाऱ्याला पक्कं माहीत असलं की लेखनाला कसा आकार येतो, ते या पुस्तकात दिसतं.

तुम्हाला या दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. वसतिगृहात राहत असाल तर पहिली सोपी. खोलीत चौघे असतात. एक बीएस्सीचा, एक बीकॉमचा, एक डिप्लोमाचा, एक एमपीएससी करणारा. चौघांचे विषय वेगळे, हे उत्तम. आपल्याच वर्गातल्या मित्राला पान दाखवलं तर तो गाळलेल्या जागा मनातल्या मनात भरून घेतो, कारण सरांचं तेच व्याख्यान त्यानेही ऐकलेलं असतं. डिप्लोमावाला तसं करणार नाही. त्याला कळलं नाही तर तो पान परत देईल. घरून एसटीने ये-जा करत असाल तर घरातलाच एखादा माणूस धरा: दहावीतली बहीण, पतसंस्थेत काम करणारे काका, अंगणवाडीतली मावशी. आणि कुणीच मिळालं नाही तर आझादांसारखं करा. एक माणूस ठरवा, पानाच्या वर त्याचं नाव लिहा आणि त्याला पत्र लिहितोय असं समजून लिहा.

वाचकांसमोर आधी मांडायचं आणि मग छापायचं, हा रस्ता विद्यार्थ्यांनी पूर्वीही घेतलाय. डॉ. आंबेडकरांचा जातिसंस्थेवरचा गाजलेला निबंध हा मुळात वर्गात वाचलेला पेपर होता. 9 मे 1916 ला कोलंबिया विद्यापीठात प्रा. गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये त्यांनी तो वाचला. तेव्हा त्यांचं वय पंचवीस होतं. वर्षभराने, मे 1917 मध्ये, तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. आज जगभर त्याचे दाखले दिले जातात. त्याची सुरुवात मात्र सहाध्यायांच्या एका खोलीत झाली.

आता लिहायचं काय?

सगळ्यात मोठी चूक इथे होते. पहिल्या पानासाठी मुलं ‘जागतिक तापमानवाढ’, ‘भारतीय अर्थव्यवस्थेपुढील आव्हानं’ असे विषय घेतात, कारण निबंध म्हणजे असंच काहीतरी असतं असं शाळेने शिकवलेलं असतं. असं पान कुणीही लिहू शकतो, म्हणून ते कुणालाच वाचावंसं वाटत नाही. आठवडाभरात ज्या ठिकाणी अडखळलात, जी गोष्ट पटली नाही, जिथे पुस्तक एक सांगतं आणि डोळ्यांना दुसरं दिसतं, ती जागा घ्या. एक शंका म्हणजे एक पान.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला नगरमध्ये अशी शंका शोधायला लांब जावं लागत नाही. शहराच्या पूर्वेला शहा डोंगरावर तीन मजली अष्टकोनी इमारत आहे. सगळं नगर तिला चांदबिबीचा महाल म्हणतं. सहलीला जाणारी शाळा, रिक्षावाला, फेसबुकवरचे फोटो, सगळे तेच सांगतात. प्रत्यक्षात ती सलाबतखान दुसरा याची कबर आहे. मुर्तझा निजामशहा पहिला याच्या दरबारातला हा वजीर. आता या एका गोष्टीवर पान लिहायला बसा. ‘महाल नाही, कबर आहे’ एवढं लिहून काम होत नाही, कारण वाचक लगेच विचारतो, ‘हे कशावरून?’ मग शोध सुरू होतो. 1884 चं ब्रिटिशांनी काढलेलं अहमदनगर जिल्ह्याचं गॅझेटिअर आहे, महाराष्ट्र शासनाने 1976 मध्ये काढलेली नवी आवृत्ती आहे. दोन्ही मोबाइलवर फुकट वाचता येतात. शहरात ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे. आणि इमारत तर जागेवर आहेच. वर चढून पाहता येते, आत थडगं आहे की नाही हे डोळ्यांनी कळतं.

या एका पानासाठी तीन रकाने आखा. पहिल्यात ‘ऐकलेलं’, दुसऱ्यात ‘वाचलेलं, कुठे ते’, तिसऱ्यात ‘स्वतः पाहिलेलं’. चांदबिबीचं नाव पहिल्या रकान्यात जाईल, सलाबतखानाचं दुसऱ्यात, आत दिसलेलं थडगं तिसऱ्यात. आणि मग खरी मजेची गोष्ट समोर येते. चांदबिबीने 1595-96 मध्ये मोगलांविरुद्ध किल्ला लढवला, ती लोकांच्या मनात राहिली. वजीर सलाबतखान कुणाच्या मनात राहिला नाही. म्हणून त्याची कबर तिच्या नावावर गेली असेल का? हा तर्क आहे. तो तर्क म्हणूनच लिहायचा, रकान्याबाहेर. ऐकीव, वाचीव आणि पाहिलेलं यांत फरक करता येणं हा संशोधनाचा पाया. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मार्गदर्शक हेच शिकवत बसतात. ते अठराव्या वर्षी, एका डोंगरावरच्या इमारतीवरून शिकता येतं.

1884 च्या गॅझेटिअरबद्दल एक सावधगिरी. माहिती म्हणून ते अफाट आहे: पिकं, बाजार, रस्ते, पाण्याची सोय, सगळं. पण ते राज्यकर्त्यांनी लिहिलेलं आहे. 1871 मध्ये सरकारने काही जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवणारा कायदा केला होता; ज्या काळात तसा कायदा होतो त्या काळातल्या अधिकाऱ्यांची नजर त्या पानांतही आहे. त्यात एखाद्या जातीच्या स्वभावाबद्दल काही लिहिलेलं सापडलं तर ते त्या जातीबद्दलची माहिती समजू नका. लिहिणाऱ्या साहेबाबद्दलची माहिती समजा आणि तसं पानावर नोंदवा.

एखाद्याला वाटेल, हे इतिहासवाल्यांना ठीक; आमच्या विषयात असं काय मिळणार? पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागातल्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने हा प्रश्न विचारलेला मला फारसा पटत नाही. दिवाळी झाली की तिथली हजारो माणसं ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. हंगामाआधी मुकादम उचल देतो. काम नंतर, पैसा आधी. तोडलेल्या टनांप्रमाणे हिशेब होतो, एखाद्या दिवशी काम चुकलं की खाडा कापला जातो, उचल फिटली नाही तर ती पुढच्या हंगामावर जाते. आता वेतनावरचं प्रकरण उघडा. तिथे मजूर आणि मालक बाजारात समोरासमोर येतात, दर ठरवतात, काम झाल्यावर मजुरी मिळते. फडात मजुरी आधीच संपलेली असते आणि मजूर तिच्यासाठी राबत असतो. कर्ज आणि काम एकाच व्यवहारात बांधलेलं असलं की मजुराला दर पाडून मिळतो का? काम सोडून जाता येतं का? बायकोचं काम कोयत्यात धरलं जातं, पण पैसे कोणाच्या हातात येतात? या प्रश्नांवर जगभरात मोठमोठे ग्रंथ लिहिले गेले आहेत. पण उचल, खाडा, अर्धा कोयता हे शब्द ज्याच्या घरात रोज बोलले जातात तो विद्यार्थी पाथर्डीतच बसलेला आहे, आणि तो परीक्षेसाठी दुसऱ्याच कुठल्या देशातल्या कारखान्याचं उदाहरण पाठ करतोय.

इथे मुक्ता साळवेची आठवण काढायलाच हवी. पुण्यात जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी मांग समाजातली मुलगी, वय जेमतेम चौदा. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’च्या 15 फेब्रुवारी आणि 1 मार्चच्या अंकांत छापून आला. हे ‘ज्ञानोदय’ अमेरिकन मराठी मिशनने 1842 मध्ये आपल्या नगरमध्ये सुरू केलेलं. तोवर ते मुंबईहून निघू लागलं होतं. नगरशी तिचा आणखी एक धागा आहे. मिस सिंथिया फॅरार यांच्या इथल्या मुलींच्या शाळा पाहून जोतिरावांना प्रेरणा मिळाली आणि सावित्रीबाईंनीही नगरला फॅरारबाईंकडे शिक्षणाचे धडे घेतले, असं फुले चरित्रकार सांगतात. मुक्ताने निबंधात काय केलं? धर्मग्रंथ वाचण्याचा अधिकार ज्यांना नाही त्यांचा धर्म कोणता, हा प्रश्न तिने सरळ विचारला. पेशवाईत आपल्या माणसांवर काय गुजरलं ते लिहिलं. शाळेत शिकलेलं तर्काचं हत्यार आणि घरात ऐकलेलं दुःख एकाच कागदावर आणलं. तिला शाळेत येऊन फार वर्षं झालेली नव्हती. तिच्या जागी आजचा विद्यार्थी असता तर त्याने गाइडमधून ‘शिक्षणाचे महत्त्व’ उतरवलं असतं, याची मला जवळपास खात्री आहे.

अशा विषयांवर लिहिताना एक पथ्य पाळायचं. मुकादमाचं, कुटुंबाचं, वस्तीचं नाव पानावर नको. किती उचल घेतली, कोण आजारी होतं, कुणाच्या मुलीचं लग्न हंगामाआधी उरकलं, या गोष्टी ज्यांच्या आहेत त्यांना त्या गावभर झालेल्या आवडणार नाहीत. ज्यांनी सांगितलं त्यांना पान आधी वाचून दाखवा. ते म्हणाले ‘हे काढ’, तर काढा, विनातक्रार.

विज्ञानवाल्यांसाठी दोन विषय सुचवतो आणि पुढे जातो. हिवरे बाजारात दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून कोणती पिकं घ्यायची हे गाव ठरवतं. आपल्या गावाचा असा ताळेबंद मांडायला कोणते आकडे लागतील आणि त्यातले कोणते मिळतच नाहीत, यावर भूगोल किंवा गणिताच्या विद्यार्थ्याची चार-सहा पानं सहज होतात. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, पण त्यांनी जपलेल्या देशी वाणांसाठी त्यांना 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात वाल ही एक जात असते, लॅबलॅब परप्युरियस. आजीला विचारा वालाचे प्रकार किती, आणि ती ते कशावरून ओळखते.

भाषेचा प्रश्न बहुतेकांना अडवतो. शिक्षण अर्धं इंग्रजीत, विचार मराठीत, आणि लिहायला बसलं की दोन्हींतलं काहीच नीट येत नाही. माझं मत स्पष्ट आहे: ज्या भाषेत तुम्ही भांडता त्या भाषेत पहिलं पान लिहा. पारिभाषिक शब्द अडला तर शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत, मराठी विश्वकोश आहे, दोन्ही मोबाइलवर उघडतात. कोशातला शब्द कानाला जडच वाटला तर इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून पुढच्याच वाक्यात तो म्हणजे काय ते सांगा. बीकॉमची मुलगी ‘डेप्रिसिएशन’ लिहील, आणि मग लिहील की दहा लाखांचा ट्रॅक्टर दुसऱ्या वर्षी दहा लाखांचा राहत नाही, ही घट दरवर्षी वहीत दाखवावी लागते. तिचे वडील ‘घसारा’ म्हणतील, कारण सोसायटीच्या अहवालात त्यांनी तो शब्द वाचलेला असतो. मग इंग्रजी पुस्तकातली व्याख्या पुन्हा वाचा. ती पूर्वीपेक्षा सोपी गेलेली असते.

पुढचा मुद्दा उचलेगिरीचा. दुसऱ्याचं वाक्य घेतलं तर त्याचं नाव द्या. मजकूर घेतला आणि शब्द बदलले तरीही द्या. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 मध्ये यासाठी नियम केले. प्रबंधात दहा टक्क्यांपर्यंत साम्य आढळलं तर शिक्षा नाही. त्यापुढे चाळीस, साठ टक्के अशा पायऱ्यांनी शिक्षा वाढत जाते. मुलं हे नियम वाचून ‘दहा टक्के चालतं’ एवढंच लक्षात ठेवतात, ही आपल्याकडची गंमत. आठवड्याच्या पानाला कुणी टक्केवारी लावणार नाही. पण नाव देण्याची सवय इथे लागली नाही तर ती पुढे लागत नाही. चॅटजीपीटीकडून पान लिहून घ्यायचा मोह होणारच. हरकत नाही, एकदा घेऊन बघा आणि वाचकाला द्या. त्याने ‘हे कशावरून?’ विचारलं की तुमच्याकडे उत्तर नसेल, कारण शंका तुमची नव्हती आणि शोधही तुमचा नव्हता. आधी स्वतः लिहा, मग यंत्राला विचारा की यात मी काय गाळलंय. ते जे सांगेल ते पुन्हा पुस्तकात पडताळा. ते पुस्तकांची नावंसुद्धा बिनदिक्कत मनाची सांगतं.

नियमितपणाबद्दल उपदेश करणारे पुष्कळ भेटतील, म्हणून थोडक्यात. वार ठरवा. आपल्याकडे त्यासाठी आठवडी बाजारासारखी दुसरी सोय नाही. गावच्या बाजाराच्या आदल्या रात्री पान लिहून झालं पाहिजे. दोन बाजूंचं एक पान, त्याहून जास्त नको. परीक्षेच्या आठवड्यात सुट्टी घ्या. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात साने गुरुजी मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढत. रोज. ते साने गुरुजी होते. तुम्ही आठवड्याला एक पान लिहिलंत तरी पुरे.

भित्तिपत्रकाचा पर्यायही आहे. पण त्याबद्दल मला फारशी आशा नाही. बहुतेक कॉलेजांत ते काचेच्या कपाटात असतं, कपाटाला कुलूप असतं, किल्ली शिपायाकडे, आणि आतला मजकूर मागच्या जयंतीचा. विभागप्रमुखांनी परवानगी दिली तर कुलपाबाहेर, पाण्याच्या टाकीजवळ एक साधा बोर्ड मागा. मुलं तिथे थांबतात आणि थांबली की वाचतात.

चूक सापडली तर? सापडणारच. जुनं पान फाडू नका, खाडाखोडही नको. समासात तारीख घालून लिहा की हे चुकलं, बरोबर असं असं आहे, आणि ते कुणी दाखवून दिलं. वर्षभराने वही उलटून पाहिली की समासातल्या या नोंदी मुख्य मजकुरापेक्षा जास्त वाचनीय वाटतात. आपली समज कशी सरकत गेली ते गुणपत्रिकेत दिसत नाही, समासात दिसतं.

याचा फायदा काय, हे पालक विचारतीलच. नव्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आला आहे, आणि तोंडी परीक्षेत ‘हा विषय का घेतला’ या प्रश्नावर मुलं गप्प होतात. वही लिहिणारा गप्प होत नाही. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली आहे. वर्षानुवर्षं चारपैकी एका पर्यायाचा गोल रंगवण्याचा सराव केलेल्यांना सलग उत्तर लिहिणं जड जातंय. क्लासवाले आता ‘उत्तरलेखन’ नावाची वेगळी बॅच काढून त्याचे पैसे घेतात. पण खरं सांगायचं तर या वहीने या सत्रातले गुण वाढतीलच असं नाही. तिच्यात वेळ जातो, आणि झेरॉक्सवाल्या नोट्स वाचून पास होणारे मित्र तुम्हाला वेड्यात काढतील. सहा महिने तरी काढू द्यावं.

शेवटी वाचकाला काय विचारायचं, ते. ‘कसं वाटलं?’ असं विचारू नका. आपल्याकडे त्याचं उत्तर ‘छान’ असंच येतं, आणि ‘छान’चा उपयोग काहीच नाही. पान वाचून होईपर्यंत समोर बसूही नका. माणूस तोंडाकडे बघून बोलतो. हातात एक पेन्सिल द्या आणि सांगा, जिथे पुन्हा मागे जाऊन वाचावं लागलं तिथे समासात एक रेघ मार. त्याने का मारली हे विचारायचं नाही, आपली बाजू समजावूनही सांगायची नाही. पान घ्या, रेघेजवळचं वाक्य वाचा आणि पुढच्या बाजाराआधी तेवढंच पुन्हा लिहा.